लाल गव्हाची सोयरीक

आमचे हे लग्नं जमवतात. पोटासाठी नाही, नुसती हौस. पोटासाठी आम्ही दोघं भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला शेतकी संशोधनाचा जो फार्म आहे तिथं रोजंदारीवर जातो. मी निंदणीच्या बायांमध्ये असते आणि हे, म्हणजे पितांबरनाना, जिथं बारीक हातकाम असेल तिथं. पण तुम्ही गावात येऊन विचाराल की पितांबर काय काम करतो, तर कुणी फार्मचं नाव घेणार नाही. सोयरीक जमवतो म्हणतील. भडगावपासून पार धुळ्या-शिंदखेड्यापर्यंत आमच्या समाजात कुणाची पोरगी लग्नाची झाली, की रविवारी विहारात वंदना संपते न संपते तोच लोक ह्यांना घेरतात.

आणि मग ह्यांचा थाट बघावा. आधी चहा घेणार. मग पोराचं आजोळ कुठलं, आजीचं माहेर कुठलं, आजीच्या बहिणी कुठं दिल्या, असं खणत खणत खाली जाणार. पोरगा काय कमावतो ते शेवटी, तेही दुसऱ्या कुणी विचारलं तर. एकदा तर ह्यांनी साखरपुड्याच्या मांडवातून पेढ्यांचं ताट परत पाठवलं. का, तर पोराची आणि पोरीची आजी एकमेकींच्या मावसबहिणी निघाल्या. तेवढ्यावरून ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "जमाव नही." पोरीचा बाप हातापाया पडला, मीही डोळे वटारले, पण हे मावसनात्याला भाऊ-बहीण मानतात म्हणजे मानतात. पुढे कोण बोलणार? चार महिने ते लोक आमच्याशी बोलत नव्हते.

अशा माणसाच्या हातात सरकारनं गव्हाची लग्नं दिली. आता ह्याला काय म्हणावं?

फार्मवर वृषालीताई आली ती गव्हावर पीएच.डी. करायला. धुळ्याची पोरगी, बारीक अंगाची, उन्हात टोपी घालून फिरायची. वडील कोर्टात कारकून. त्यांनी तिला एवढीच मुदत दिलेली, की शिष्यवृत्ती आहे तोवर शीक, ती संपेपर्यंत डिग्री झाली तर ठीक, नाही तर घरी ये आणि लग्नाला उभी राहा. हे तिनं मला निंदणी करता करता सांगितलं होतं. तिचं सगळं काही त्या गव्हाच्या ओंब्यांवर होतं.

आमच्या फार्मच्या खालच्या अंगाला कालव्याचं पाणी मुरून मुरून जमीन खारवट झाली आहे. हिवाळ्यात सकाळी गेलं की मातीवर पांढरा पापुद्रा दिसतो, बोटाला लावून चाटला तर सरळ मीठ. तिथं गहू पेरला तर वीतभर होतो आणि शेंड्याकडून करपत येतो. वृषालीताईनं आम्हा बायांना एकदा बांधावर बसवून ते समजावलं. मुळं पाणी ओढतात, त्या पाण्याबरोबर मीठ वर चढतं, पानात साचतं आणि पान जळतं. पण राजस्थानच्या खाऱ्या पट्ट्यात एक जुना लाल गहू आहे, त्याची मुळं बरंचसं मीठ खालीच अडवून धरतात, पानापर्यंत जाऊ देत नाहीत. हा गुण त्याच्या बीजातच आहे, आईबापाकडून पोरांकडे जातो. तोही एका जनुकात नाही, कितीतरी जनुकं मिळून ते काम करतात, म्हणून सगळी पोरं तो सारखा घेत नाहीत. कुणाला आला, कुणाला नाही.

आता हा गहू एवढा गुणाचा, तर तोच का पेरू नये? तर तो उंच वाढतो, वारा आला की लोळतो, दाणा बारीक नि लाल, आणि पोळी अशी की दातांनी ओढावी. आपला इकडचा गहू पोळीला मऊ, दाण्याला टपोरा, पण मिठाचं नाव काढलं की झोपला. वृषालीताईला दोघांचं लग्न लावायचं होतं. आई तिकडची लाल, बाप इकडचा.

ह्यांनी त्या लाल गव्हाला मारवाडीण म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, जरा तोंड सांभाळा, पेठेतल्या दलिचंदशेठच्या झमकूबाई ऐकतील. तर ह्यांनी स्वतःच जाऊन त्यांना सांगितलं. झमकूबाई हसल्या आणि म्हणाल्या, बाटीला असलाच गहू लागतो, मूठभर मिळतो का बघा. हे लगेच खिशात घेऊन जायला निघाले होते, मी अडवलं.

गव्हाचं लग्न लावणं फार किचकट काम. फूल उघडायच्या आत एकेक कुसळ बाजूला करून चिमट्यानं आतला नर काढायचा, मग ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची, आणि दोन-तीन दिवसांनी बापाची ओंबी आणून तिच्यातला पराग तिच्यावर झाडायचा. हात जरा जड पडला की ओंबी मोडली. ह्यांचा हात असा हलका, की वृषालीताई आपलं काम सोडून बघत राहायची. घरी ह्याच हातानं ह्यांनी माझा चहाचा एकही कप फोडायचा सोडला नाही, ते वेगळं.

आणि ह्यांना तर ऊत आला. कुठल्याही वाणापुढे उभे राहायचे आणि विचारायचे, "ताई, ह्यानं आजोळ कोठलं?" तिला फार कौतुक वाटायचं. आजवर कुण्या मजुरानं तिला वाणाची वंशावळ विचारली नव्हती. ती काडीनं मातीत रेघा काढून सांगायची, हा ह्याचा मुलगा, ही ह्याची बहीण, ह्या बहिणीचा दुसऱ्या एका वाणाशी संकर केला तर तो पलीकडच्या वाफ्यातला वाण निघाला. हे मन लावून ऐकायचे. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, पोरी, तू कुणाला शिकवते आहेस ते तुला ठाऊक नाही.

पहिलं लग्न छान झालं. दुसऱ्या वर्षी त्याच्या पोरी शेतात उभ्या राहिल्या. मुलगे का नाही म्हणाल तर पोरीच म्हणायचं, हा ह्यांचाच नियम. त्या पोरी निम्म्या आईवर, निम्म्या बापावर गेलेल्या. आता वृषालीताईला पाहिजे होतं सगळं बापासारखं, आणि आईचा फक्त तो मीठ अडवायचा गुण. त्यासाठी पोरीचा संकर परत बापाशीच करायचा, आणि पुढच्या पोरींचा पुन्हा बापाशी. दर वेळी रोपांना खारं पाणी द्यायचं, जी तगतील ती ठेवायची. जगभर असंच करतात म्हणे.

ह्यांच्या हातात तिनं बापाची ओंबी दिली. हे तिच्याकडे बघतच राहिले.

"हाऊ तर तिना बाप शे."

"हो, त्याचाच पराग टाकायचा, नाना."

"बापसंगे आंडेरनं लगीन?" आंडेर म्हणजे लेक. अहिराणी बोलताना ह्यांना राग आला की आवाज बारीक होतो, तसा झाला. "ताई, असं कोठे व्हस का?"

वृषालीताईला हसू आवरेना. "नाना, झाडांना कसलं आलंय नातं?" असं म्हणून हसत हसतच ती गाडी पकडायला गेली. जळगावला तिचं काहीतरी चर्चासत्र होतं, दोन दिवसांचं.

पुढे काय झालं ते मला वर्षानं कळलं, पण इथंच सांगून टाकते. हे बांधावर बसले. पराग घातला तर पाप, आणि न घालावा तर ताईचं काम बुडतं. मग ह्यांच्यातला सोयरीकवाला जागा झाला. ताईनंच सांगितलं होतं ना, बापाची बहीण पलीकडे दिलेली आहे. तिचा मुलगा पलीकडच्या वाफ्यात उभा आहे, निरोगी, तुऱ्यावर आलेला. म्हणजे पोरीचा आतेभाऊ. ह्याहून चांगलं स्थळ ते कुठलं? ह्यांनी उठून त्या आतेभावाच्या ओंब्या आणल्या आणि सगळ्या पोरींची लग्नं त्याच्याशी लावून टाकली. चिठ्ठ्यांवर बापाचंच नाव होतं, ते तसंच राहू दिलं. आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवले. मी अजून विचार करते, त्या दिवशी मला संशय कसा आला नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात त्या लग्नांची रोपं खाऱ्या वाफ्यात लावली. बरीच करपली, काही उभी राहिली. वृषालीताई खुशीत होती. पानांचे तुकडे पुण्याला तपासणीला गेले आणि कागद आला तो असा, की ही रोपं निम्मी-पाऊण त्या बापाची वाटतात खरी, पण मधे मधे काहीतरी आहे जे आईचंही नाही आणि बापाचंही नाही. तिसऱ्याच कुणाचं तरी आहे.

साहेबांनी, म्हणजे ताईच्या गाईडनी, तिला सगळ्यांसमोर झापलं. पिशव्या नीट बांधल्या नाहीत, वाऱ्यानं भलताच पराग आला, निष्काळजीपणा आहे, हे सगळं उपटून टाक. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. निष्काळजी पोरीला पुढचा हंगाम द्यायला साहेब तयार नव्हते. म्हणजे धुळ्याला परत. ती तिथं उभी राहून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "पिशव्या मीच बांधल्या होत्या सर, मी तपासल्या होत्या." मग तिचं तिलाच खरं वाटेनासं झालं. दुपारी मी तिला पंपाच्या खोलीमागे रडताना पाहिलं. म्हणाली, "अक्का, माझीच चूक असणार. मला हे काम जमतच नसेल."

मी घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. ताटात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, ह्यांच्या जिवाचं. हात लावेनात. रविवारी विहारात गेले नाहीत. सोमवारी एका पोरीचा बाप पाचोऱ्याहून मुद्दाम आला, त्याला दारातून परत पाठवलं. तेव्हा मी समोर बसले आणि म्हटलं, आता बोला, नाही तर मी प्रशीलला नरडाण्याहून बोलावून घेते. प्रशील आमचा मुलगा, त्याला हे जरा घाबरतात.

तेव्हा हे बोलले. सगळं. बाप, आंडेर, आतेभाऊ.

आधी मला हसू आलं. इतकं आलं की पदर तोंडात कोंबला. आणि मग असा संताप आला की काय सांगू. एका पोरीचा जन्म ह्यांनी ह्यांच्या सोवळ्यापायी पणाला लावला, आणि ती बिचारी स्वतःला दोष देत बसली, आणि हे मुकाट बसून राहिले. मी म्हटलं, उद्या सकाळी साहेबांच्या खोलीत चलायचं. काम गेलं तर जाऊ दे. हे म्हणाले, "माले काढी टाकतीन." म्हटलं, काढू देत.

सकाळी मी ह्यांना मनगटाला धरून नेलं, शाळेत जायचं नाही म्हणणाऱ्या पोराला नेतात तसं. खोलीत साहेब होते, वृषालीताईही होती. ह्यांनी खाली मान घालून सांगितलं. कुठल्या ओळीतल्या पोरी कुठल्या वाफ्यातल्या वाणाला दिल्या, हेही. साहेब आधी काही समजलेच नाहीत. समजलं तेव्हा खुर्चीत मागे रेलून एवढे मोठ्यानं हसले, की बाहेरचा शिपाई डोकावला. वृषालीताई हसली नाही.

"तुम्ही मला विचारलं का नाही, नाना?"

"इचारं व्हतं ताई," हे म्हणाले. "तू हासनी."

मी मात्र तिच्याच बाजूची. हसली म्हणून खोटी चिठ्ठी लावून ठेवायची का? तसं मी ह्यांना तिथंच सुनावलं.

साहेबांना मात्र मजा वाटत होती. त्यांनी विचारलं, "अहो पण पितांबरनाना, बाप नको होता तर आणखी वीस वाण होते शेतात. नेमका आतेभाऊच का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं माहेर सावदा, आणि ह्यांची आई माझी सख्खी आत्या. मी ह्यांच्या मामाची मुलगी, हे माझे आतेभाऊ. सावद्याची बोली वेगळी, भडगावची वेगळी, आल्या आल्या मला ह्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं आणि ह्यांना माझ्या हातचं निम्मं आवडत नव्हतं. इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्या एका भाकरीला कधी बरं म्हटलं नाही.

"मनं लगीन बी तसंच शे, साहेब," हे म्हणाले. "मना संसार भारी चालना. मी म्हणं, त्या पोरींना बी चालई."

मी साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले. दुसरं काय करणार? डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ह्यांच्यावर चिडायचंही होतं, दोन्ही एकदम कसं करायचं.

ह्यांचं काम गेलंच. साहेबांनी त्यांच्या परीनं बरोबर केलं, खोट्या चिठ्ठीला दुसरी शिक्षा नाही. पण वृषालीताईवरचा निष्काळजीपणाचा ठपका पुसला गेला. तिला एक हंगाम मिळाला, शिष्यवृत्तीशिवाय. पहिल्या लग्नाच्या पोरींचं थोडं बी डबीत शिल्लक होतं, तेवढ्यावर सगळं पुन्हा करायचं. तिनं वडिलांशी फोनवर भांडून पुढची मुदत घेतली आणि खोलीचं भाडं निघावं म्हणून शिकवण्या धरल्या.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीत ओंब्या बाहेर आल्या तशी ती एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिनं तीन दिवस दुसऱ्या माणसांकडून काम करून पाहिलं होतं. निम्म्या ओंब्या मोडल्या, आणि आता मोडायला फार उरल्या नव्हत्या. तिनं चिमटा काढून ह्यांच्यासमोर ठेवला. "साहेबांना मी विचारलं आहे. नाना, तुमच्याशिवाय होत नाही."

"बापसंगेच?"

"बापाशीच."

ह्यांनी चिमटा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग ह्यांनी सोयरीकवाल्याची शेवटची युक्ती काढली. उलटं नाही का करता येणार, म्हणाले. इकडच्या गव्हाला बाई करायचं आणि त्या पोरीला गडी.

"करता येतं," वृषालीताई म्हणाली. "मग ते आई आणि मुलाचं होईल."

ह्यांचा चेहरा असा झाला की मला उठून पाणी द्यावं लागलं. पाणी प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "चाल. करी देसू."

वृषालीताई राखण करायला उभी राहिली नाही. बापाच्या ओंब्या ह्यांच्या हातात देऊन ती लांब लिंबाखाली जाऊन बसली, तीही आमच्याकडे पाठ करून. मला ते बघून कसंतरी झालं. एकदा फसवलेल्या माणसावर एवढा भरवसा मी टाकला नसता, म्हणून मी खुरपं हातात घेऊन ह्यांच्या मागेच उभी राहिले. हे प्रत्येक ओंबीपाशी वाकायचे, पुटपुटायचे, "माफ कर माय," आणि पराग झाडायचे. बापाचाच. एकही चुकवली नाही. ओळ संपली तेव्हा ह्यांचा सदरा घामानं भिजला होता, आणि महिना जानेवारीचा.

त्यानंतर ह्यांनी सोयरिकी बंद केल्या. लोक यायचे, हे आत जाऊन पडायचे. ज्यानं लेकी बापाला दिल्या त्यानं लोकांच्या घरात काय तोंड घालायचं, असं मला म्हणाले. मी सांगून थकले, की अहो गहू आहे तो. चेष्टा केली, रागावले, दोन दिवस अबोला धरला. ह्यांना खरंच आत लागलं होतं. मग मीही चेष्टा करायची सोडली.

पावसाळ्यात वृषालीताईनं ते बी थंड खोलीत ट्रेमध्ये उगवलं, खारं पाणी दिलं, पानं पुण्याला पाठवली. कागद आला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"नाना, सगळी रोपं बरोबर आहेत. आई, बाप, तिसऱ्याचं काही नाही. साहेबांनी सही केली. आता मी लिहायला बसते, दिवाळीपर्यंत देऊन टाकते."

"ते व्हई," हे म्हणाले. "पोरी बऱ्या शेतस ना?"

"कोण पोरी?"

"आपल्या."

तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "बऱ्याच गेल्या, नाना. काही उभ्या आहेत. मिठाच्या पाण्यात आहेत आणि पानं हिरवीगार आहेत."

फोन कानाशी नव्हता तरी ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. "ज्या गयात, त्या मना पापमुळे तं नही ना गयात?"

ताईनं सावकाश सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. आईचा गुण वाटणीत कुणाला येतो, कुणाला येत नाही. ज्यांना आला नाही त्या गेल्या. कुणाशीही लग्न लावलं असतं तरी तसंच झालं असतं, त्यात कुणाचं पाप नाही. "आणि ज्या उभ्या आहेत ना नाना," ती म्हणाली, "त्या तुमच्या हाताच्या आहेत. तुम्हाला नको असताना तुम्ही केलंत, म्हणून आहेत. मी पण."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी वृषालीताईला सांगितलं, नाना रडायला लागलेत, तू नंतर फोन कर.